हातात कायम स्टाफच: सातपुड्यातून आलेल्या एका विद्यार्थिनीचं प्रकरण

हे प्रकरण सिव्हिल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या एका पावरा आदिवासी विद्यार्थिनीचं आहे. एकाच मुलीची ही जशीच्या तशी हकीकत नाही. शहरातल्या कॉलेजांत आदिवासी मुलामुलींच्या वाट्याला पुन्हा पुन्हा येणाऱ्या गोष्टी शिक्षकांच्या आणि जीएफएमच्या (गार्डियन फॅकल्टी मेंबर, म्हणजे पालक-शिक्षकाच्या) अभ्यासासाठी एका वर्षाच्या चौकटीत जुळवून मांडल्या आहेत. हजेरीचे आणि गुणांचे आकडे नमुन्यादाखल आहेत. संशोधन, नियम आणि जिल्ह्याविषयीची माहिती मात्र खरी आहे.

या मुलीला कोणी शिवी दिली नाही, वर्गाबाहेर काढलं नाही, जातीवरून तोंडावर कोणी काही बोललं नाही. तरीही जुलैत पहिल्या बाकावर बसणारी मुलगी ऑक्टोबरपर्यंत सर्व्हेच्या, म्हणजे जमीन मोजणीच्या, प्रॅक्टिकलला यायची थांबली. असं का झालं, हे शोधायचं आहे.

ती कुठून आली

नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळा झाला. 2011च्या जनगणनेनुसार इथली सुमारे 69 टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे, आणि घाट चढून अक्राणी तालुक्यात, म्हणजे धडगावकडे गेलं की जवळपास सगळेच आदिवासी. मुलीचं घर धडगावच्या पुढच्या एका पाड्यावर आहे. घरी पावरी बोलतात. मराठी तिच्या कानावर नीट पडली ती आश्रमशाळेत, पहिलीत. हिंदी त्यानंतरची आणि इंग्रजी चौथी. चार भाषा सांभाळणाऱ्या या मुलीबद्दल कॉलेजात मात्र 'मराठी जरा कच्चं आहे' एवढंच बोललं गेलं.

बारावीनंतर सीईटी ही प्रवेशपरीक्षा, केंद्रीय प्रवेशाचे कॅप राउंड, पुण्यातलं कॉलेज आणि आदिवासी विकास विभागाचं मुलींचं वसतिगृह. पहिलं वर्ष एकही विषय न राहता पास, सीजीपीए 7.1, गणितात वर्गातल्या पहिल्या पंधरात. हे आधीच सांगतो आहोत, कारण पुढे तिचे गुण घसरले तेव्हा 'बेसिक कच्चं असणार' असं जो तो म्हणाला आणि तिची पहिल्या वर्षाची मार्कशीट उघडून बघायचं कोणालाच सुचलं नाही.

राज्यात अनुसूचित जमातींना 7 टक्के आरक्षण आहे. साठच्या वर्गात त्या जागा चार होतात, आणि त्याही दरवर्षी भरतात असं नाही. या वर्गात दोघंच होते: ही आणि दुसऱ्या बॅचमधला एक मुलगा. म्हणजे प्रॅक्टिकलच्या वीस जणांत ती एकटी. एकटं असलं की चूक आपल्या एकटीची राहत नाही. शेजारचा मुलगा चुकला तर तो चुकला. ही चुकली तर 'त्यांचं असंच असतं'. हे ओझं बाहेरून दिसत नाही, पण हात वर करण्याआधी ते प्रत्येक वेळी आडवं येतं.

लहान लहान गोष्टी

सुरुवात पहिल्या वर्षीच झाली होती. प्रवेशाच्या वेळी अलॉटमेंटची पीडीएफ कोणीतरी वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. तिच्या नावापुढे सीट टाइप होता 'एलएसटीओ'. एल म्हणजे लेडीज, एसटी म्हणजे अनुसूचित जमात, ओ म्हणजे होम युनिव्हर्सिटीच्या बाहेरची. नंदुरबार जळगावच्या विद्यापीठाखाली येतं, म्हणून ओ. ती वर्गात एक शब्द बोलण्याआधी तिचा प्रवर्ग सगळ्यांना पाठ झाला होता. त्यानंतरही 'तुझा पर्सेंटाइल किती?' हा प्रश्न तिला होस्टेलात, कँटीनमध्ये, लायब्ररीच्या रांगेत विचारला जायचा. विचारणाऱ्याला पर्सेंटाइलशी देणंघेणं नसतं, हे विचारणाऱ्याला आणि उत्तर देणारीला दोघांनाही माहीत असतं.

जुलैत ऑफिसातून एक लिपिक चालू तासात आले आणि म्हणाले, "एसटीची मुलं थांबा, महाडीबीटीचे फॉर्म राहिलेत." महाडीबीटी म्हणजे स्कॉलरशिपच्या अर्जांचं सरकारी पोर्टल. बाकीचा वर्ग दारातून बाहेर पडताना मागे कोण थांबलंय ते बघत गेला. काउंटरवर पुढचं वाक्य आलं: "तुमचं बरंय, सगळं सरकार भरतं." लिपिकांच्या मनात वाईट नव्हतं. त्यांना फॉर्म संपवायचे होते.

एका प्राध्यापकांनी तिचं सेमिनारचं बोलणं ऐकून मनापासून कौतुक केलं: "छान बोललीस. तू आदिवासी वाटतच नाहीस." नऊ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, सांस्कृतिक समितीने तिला नाच बसवायला सांगितला. तो नाच होळीचा आहे, ढोलाशिवाय आणि माणसांच्या कड्याशिवाय तो होत नाही, असं ती म्हणाली; त्यावर 'दोनच मिनिटं कर, फोटोपुरतं' असं उत्तर मिळालं. वर्षभरात तिला कॉलेजने स्टेजवर बोलावलं ते एवढंच एकदा. मॉडेल स्पर्धेसाठी तिचं नाव कोणाच्या डोक्यात आलं नाही.

यांतली कोणतीही एक गोष्ट उचलून तक्रार करायची म्हटली तर ऐकणारा म्हणेल, 'एवढंच ना?' सूक्ष्म भेदभाव म्हणतात तो हाच. अमेरिकेतले कृष्णवर्णीय मानसोपचारतज्ज्ञ चेस्टर पिअर्स यांनी 1970मध्ये अशा वागण्याला 'मायक्रोअ‍ॅग्रेशन' हे वेगळं नाव दिलं आणि त्याचा परिणाम एकेका घटनेत नव्हे, तर साठत जाण्यात असतो याकडे लक्ष वेधलं.

सर्व्हेचं प्रॅक्टिकल

या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची जागा कॉलेजचं मैदान आहे, म्हणून इथे जरा थांबू.

लेव्हलिंगच्या, म्हणजे जमिनीची उंच-सखल पातळी मोजण्याच्या, प्रॅक्टिकलला दोन तास असतात, वीस जणांना चार ऑटो लेव्हल (दुर्बीण असलेली उपकरणं). ट्रायपॉड उघडायचा, बबल मध्यावर आणायचा, दुर्बिणीतून समोरच्या स्टाफवरचं रीडिंग घ्यायचं. स्टाफ म्हणजे चार मीटरपर्यंत उघडणारी, 5 मिलिमीटरच्या खुणांची पट्टी. ती घेऊन एकाला तीस-चाळीस मीटरवर जाऊन उभं राहावं लागतं. एक जण दुर्बिणीवर, एक स्टाफवर, एक फील्ड बुकवर, एक टेपवर, एक हिशेबाला.

ग्रुप पाडताना सर म्हणाले, "पाच-पाच जण आपापले ठरवा." दोन मिनिटांत ग्रुप झाले आणि ती उरली. मग सर म्हणाले, "अरे, हिला घ्या कोणीतरी." एका ग्रुपने घेतलं. पहिल्या दिवशी तिच्या हातात स्टाफ आला. कोणाच्या तरी हातात येणारच होता. दुसऱ्या आठवड्यात आला, कारण 'तुला जमतं ते'. तिसऱ्या आठवड्यात कोणी काही बोललंही नाही, तिने आपणहून उचलला. पाच प्रॅक्टिकल झाली. दहा तासांत तिने एकदाही दुर्बिणीला डोळा लावला नव्हता.

सहाव्या आठवड्यात सरांनी सगळ्यांना अचानक पॅरलॅक्स, म्हणजे डोळा हलला की दुर्बिणीतल्या रेषा स्टाफवर सरकताना दिसण्याचा दोष, काढायला सांगितला. ज्याने हात चालवलाय त्याला हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे: दुर्बिणीसमोर पांढरा कागद धरून आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) फिरवायचा, क्रॉसहेअर (दुर्बिणीतल्या बारीक रेषा) काळ्या आणि ठळक दिसेपर्यंत, मग स्टाफवर फोकस करायचा आणि डोळा वरखाली हलवून क्रॉसहेअर स्टाफवर सरकत नाही ना ते बघायचं. तिने फोकसचा स्क्रू फिरवला, आयपीसला हात लावला नाही. क्रॉसहेअर धूसरच राहिल्या. ग्रुपमधला एक जण हसला. सर म्हणाले, "असू दे असू दे, तू स्टाफ बघ."

या 'असू दे'त चीड नव्हती, दया होती. आणि तीच जास्त महागात पडली. दुसऱ्या कोणाला जमलं नसतं तर सर म्हणाले असते, "इकडे ये, परत कर." तिला मात्र सूट मिळाली, आणि त्या सुटीबरोबर 'तुझ्याकडून अपेक्षा नाही' हा निरोपही मिळाला. नोव्हेंबरच्या ओरलला हेच पुन्हा झालं. बाकीच्यांना पाच-सहा प्रश्न विचारले, उत्तर अडखळलं की उकल सुचवली. तिला विचारलं, "बॅकसाइट म्हणजे काय?" तिने बरोबर सांगितलं: इन्स्ट्रुमेंट लावल्यावर घेतलेलं पहिलं रीडिंग. "बरं, जा." 25 पैकी 9 गुण. इतक्या सोप्या प्रश्नाला त्याहून जास्त गुण द्यायचे कसे, हा परीक्षकांचाही प्रश्न होताच.

इथे भेदभावाचं काम पूर्ण होतं. आधी संधी मिळाली नाही, म्हणून हात बसला नाही. हात बसला नाही, म्हणून गुण कमी आले. आता मार्कशीटवर छापलेला आकडा सगळ्यांना, तिलाही, सांगतो की तिला जमत नाही. पुढच्या वेळी तिला दुर्बीण न देण्याला कारणही तयार झालं.

एक मुद्दा टाळता येणार नाही. मुलगी म्हणून तिला स्टाफ मिळाला की आदिवासी म्हणून? बॅचमध्ये आणखी दोन मुली होत्या. त्यांनाही सुरुवातीला फील्ड बुक किंवा टेप मिळाला. पण 'मला बघू दे' म्हटल्यावर त्यांना दुर्बीण मिळाली, आणि नाही जमलं तेव्हा कोणीतरी दाखवलं. हिने मागितली नाही. का मागितली नाही, हे पुढे येतंच. दोन्ही कारणं एकावर एक बसलेली असतात. त्यातलं एकच निवडायची घाई करू नये.

नोंदींत काय दिसत होतं

तिची एकूण हजेरी 82 टक्के होती. अशा मुलीचं नाव कोणत्याच डिफॉल्टर लिस्टमध्ये लागत नाही, म्हणून कोणाचं लक्ष गेलं नाही. विषयवार फोड केल्यावर चित्र बदललं. गणिताला ती जवळपास रोज होती. सर्व्हेच्या थिअरीला 78 टक्के. सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला पहिल्या सहापैकी सहा, पुढच्या सहापैकी दोन.

गुणांतही अशीच फारकत होती. इन-सेमला (सत्राच्या मधल्या लेखी परीक्षेला) गणितात 30 पैकी 22, सर्व्हेच्या थिअरीत 17, टर्मवर्कला (सत्रभराच्या कामाला) 25 पैकी 21, आणि ओरलला 9. लेखी बरं, जर्नल वेळेवर, अक्षर देखणं; पण जिथे माणसांसमोर काही करून किंवा बोलून दाखवायचं, तिथे घसरण. शिवाय ऐच्छिक कामं एकेक करून सुटत गेली: ऑगस्टनंतर वर्गात एकही प्रश्न विचारलेला नाही, साइट व्हिजिटला नाव नाही, स्पर्धेला नाही. जीएफएमने लक्ष ठेवायचं ते याच तीन गोष्टींवर: विषयवार हजेरीतली दरी, लेखी-तोंडीतली दरी आणि ऐच्छिक कामातली माघार. एकूण टक्केवारी बघत बसलं तर कळेपर्यंत इयर डाउन झालेला, म्हणजे वर्ष वाया गेलेलं असतं.

होस्टेलात मात्र ती रात्री अकरापर्यंत अभ्यास करत होती, असं गृहपालांनी सांगितलं. म्हणजे शिकायची इच्छा मेली नव्हती. इतरांच्या डोळ्यांसमोर शिकायची इच्छा मेली होती. आत्मविश्वास आधी जातो आणि प्रेरणा नंतर. मधल्या काळात मूल एकटं, लपून शिकत असतं. हा काळ काही महिन्यांचाच असतो, आणि हात पुढे करायचा असेल तर तो याच काळात करावा लागतो.

हे आतून कसं चालतं

पहिलं म्हणजे संदिग्धता. उघड अपमान झाला तर माणसाला राग येतो आणि तो अपमान करणाऱ्याकडे वळतो. 'असू दे, तू स्टाफ बघ' याचा अर्थ काय लावायचा? वेळ कमी होता म्हणून? मला खरंच येत नाही म्हणून? की मी पावरा म्हणून? खात्रीचं उत्तर कधीच मिळत नाही, आणि दर वेळी हा हिशेब नव्याने मांडावा लागतो. जे डोकं रीडिंगकडे हवं ते यात खर्ची पडतं.

जेनिफर क्रॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 1991मधला अमेरिकेतला प्रयोग इथे फार उपयोगी आहे. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना पलीकडच्या खोलीतल्या गोऱ्या विद्यार्थ्याकडून चांगला किंवा वाईट अभिप्राय मिळायचा. मधल्या खिडकीचा पडदा कधी खाली असायचा, कधी वर. पडदा वर असला, म्हणजे आपला रंग समोरच्याला दिसतोय हे ठाऊक असलं, की चांगल्या अभिप्रायानेही या विद्यार्थ्यांना बरं वाटेना. कौतुक कामाचं की कणवेचं, हे कळायला मार्ग नव्हता. 'तू आदिवासी वाटतच नाहीस' या वाक्याने नेमकं हेच होतं. कौतुकावरचाही भरवसा उडतो, आणि ज्या मुलीला ना टीका खरी वाटते ना शाबासकी, तिने आपण कुठे आहोत ते ओळखायचं कशावरून?

दुसरं म्हणजे ओळख जाहीर होणं. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशात सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरच्या चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. हा अभ्यास 2006मध्ये प्रसिद्ध झाला. जात जाहीर केली नाही तेव्हा कनिष्ठ मानल्या गेलेल्या जातींची मुलं बाकीच्यांच्या बरोबरीने कोडी सोडवत होती. सगळ्यांसमोर जात वाचून दाखवल्यावर त्यांची कामगिरी घसरली. मुलं तशीच होती, कोडी तशीच होती. चालू तासात 'एसटीची मुलं थांबा' म्हणणाऱ्याने हा प्रयोग एकदा समजून घ्यावा.

क्लॉड स्टील आणि जोशुआ अ‍ॅरनसन यांनी 1995मध्ये मांडलेली 'साचेबंद समजुतीची धास्ती' ही कल्पना याच्या जवळची आहे: आपल्या समाजाबद्दलची वाईट समजूत आपल्या हातून खरी ठरेल, या भीतीनेच कामगिरी बिघडते. पुढच्या मोठ्या पडताळण्यांत हा परिणाम सुरुवातीला वाटला तेवढा मोठा निघाला नाही, तेव्हा सगळा भार या कल्पनेवर टाकू नये. या प्रकरणात तशी गरजही नाही. दहा तासांत दुर्बीण हाती न मिळणं एवढं कारण एकट्यानेच बरंच काही सांगतं.

आता तिने दुर्बीण का मागितली नाही, ते बघू. मागायची म्हणजे ग्रुपचा वेळ घ्यायचा. सरावलेला मुलगा तीन-चार मिनिटांत इन्स्ट्रुमेंट लावतो, नवख्याला दहा-बारा लागतात. त्या जादा आठ मिनिटांत चौघं जण घड्याळ बघणार, आणि 'कोट्यातली' हा शब्द कोणी उच्चारला नाही तरी तिला तो ऐकू येणार. या किमतीपेक्षा स्टाफ स्वस्त होता. बाहेरून हे 'तिला आवडच नाही' असं दिसतं.

पहिला उपाय का फसला

डिसेंबरात जीएफएमने तिला स्टाफरूममध्ये बोलावलं. आठ टेबलं, सहा प्राध्यापक बसलेले. विचारलं, "काही प्रॉब्लेम आहे का? कोणी जातीवरून बोललं का?" ती म्हणाली, "नाही मॅडम." हे उत्तर प्रामाणिक होतं, तसं कोणी बोललं नव्हतंच. निदान झालं 'न्यूनगंड', आणि तिचं नाव पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट व स्पोकन इंग्लिशच्या वर्गाला घातलं गेलं. वर्ग शनिवारी, सर्व्हेचं राहिलेलं प्रॅक्टिकल भरून काढायच्या वेळेतच. दोन वेळा जाऊन तिने सोडलं. नोंद पडली: 'विद्यार्थिनीचा प्रतिसाद नाही.'

ज्यांनी हे केलं त्यांना तिचं भलंच हवं होतं. पण दुरुस्ती मैदानावरच्या पद्धतीत हवी होती आणि पाठवलं मुलीला. त्यातून ती आणखी एक गोष्ट शिकली: खोट आपल्यात आहे, हे आता कॉलेजनेही सांगितलं.

मार्चमध्ये होळी आली. सातपुड्यातली होळी एका संध्याकाळची नसते. आधी भोंगऱ्याचे बाजार, मग गावोगावच्या होळ्या, नवसाची पाळणूक. घरातलं माणूस नसलं तर ते खटकतं. ऊसतोडीला आणि मजुरीला गुजरातेत गेलेली माणसंही या दिवसांत परत येतात. पुण्याहून एका बाजूचाच प्रवास रात्रभराचा आणि वर अर्ध्या दिवसाचा. ती आठ दिवस गेली आणि एक युनिट टेस्ट बुडाली. गणपतीला वर्ग रिकामा असतो म्हणून टेस्ट कधी लावत नाहीत. होळीच्या आठवड्याचा विचार करायचं कोणाच्या मनातही आलं नव्हतं. परत आल्यावर 'एवढी कसली होळी?' हा प्रश्न मिळाला, आणि तिने घरी फोन करून शिक्षण सोडायचं का, असं वडिलांना विचारलं. ते गृहपालांना कळलं, त्यांनी कॉलेजला कळवलं, आणि मग खरी चौकशी सुरू झाली.

दुसऱ्यांदा काय केलं

या वेळी जीएफएम तिला रिकाम्या वर्गात भेटल्या, दार उघडं ठेवून, चाळीस मिनिटं हाताशी ठेवून. 'भेदभाव' हा शब्दच काढला नाही. विचारलं: आठवड्यातल्या कुठल्या तासाला जावंसं वाटत नाही? त्या तासाला तू कुठे उभी असतेस? हातात काय असतं? तुझ्याआधी कोणाला विचारतात, तुझ्यानंतर कोणाला? या प्रश्नांना खरी उत्तरं देता येतात, कारण त्यांत कोणावर आरोप करावा लागत नाही. स्टाफची गोष्ट तिसऱ्याच प्रश्नाला बाहेर आली. मग मागची फील्ड बुकं काढली. रीडिंग कोणी घेतलं याचा रकानाच नव्हता, पण अक्षरांवरून आणि ग्रुपला विचारून दुर्बिणीवर कोण होतं ते लागलं. पाच प्रॅक्टिकलांत दोनच नावं.

पुढचे बदल सगळ्या बॅचसाठी झाले, तिच्या एकटीसाठी नाही. हे महत्त्वाचं आहे. तिच्यासाठी म्हणून काही केलं असतं तर तिच्यावर आणखी एक शिक्का बसला असता. ग्रुप चिठ्ठ्या टाकून पाडले. पाच जागांचं फिरतं वेळापत्रक लावलं: दुर्बीण, स्टाफ, फील्ड बुक, टेप, हिशेब. जागा आठवड्याने नव्हे, तर प्रत्येक चेंज पॉइंटला (इन्स्ट्रुमेंट उचलून पुढे नेताना स्टाफ ज्या बिंदूवर असतो तिथे) बदलायची, म्हणजे एकाच दिवशी प्रत्येकाचा हात लागतो. फील्ड बुकात दर ओळीला रीडिंग घेणाऱ्याची आद्याक्षरं. टर्मवर्कच्या 25 पैकी 5 गुण इन्स्ट्रुमेंट स्वतः लावण्याला, पंधरा मिनिटांच्या मर्यादेत.

पहिल्या दोन आठवड्यांत वेळापत्रक कोलमडलं. काम दोन तासांत संपेना, म्हणून सरावलेले दोघं घाईने दुर्बीण ओढून घेत आणि आद्याक्षरं दुसऱ्याची लिहीत. लॅब असिस्टंटनी ते पकडलं. उपाय दोन केले: दिवसाचे पॉइंट बारावरून आठवर आणले, आणि पानावर सही करण्याआधी कोणत्याही एकाला बोलावून त्याच्याच ओळीतलं रीडिंग पुन्हा घ्यायला लावायचं. तिसऱ्या आठवड्यापासून गाडी रुळावर आली. पॉइंट कमी करायला सरांचा विरोध होता, आणि तो समजण्यासारखा आहे. अभ्यासक्रम पुरा करायचा असतो. पण बारा पॉइंट दोघांनी शिकण्यापेक्षा आठ पॉइंट पाचांनी शिकलेले बरे.

ओरलसाठी प्रश्नांच्या चिठ्ठ्या केल्या, तीन पातळ्यांच्या. प्रत्येकाने प्रत्येक पातळीची एक उचलायची; अडखळलं तर सगळ्यांना एकेक सूचना. दयेला वाव नाही आणि रागालाही नाही.

जर्नलवरच्या शेऱ्यांची पद्धत बदलली. आधी तिच्या पानांवर नुसती बरोबरची खूण आणि 'गुड' असायचं. आता असं: 'तिसऱ्या चेंज पॉइंटचं फोरसाइट मधल्या रकान्यात गेलंय, म्हणून बॅकसाइट आणि फोरसाइटच्या बेरजांतला फरक पहिल्या-शेवटच्या पातळीच्या फरकाशी जुळत नाही. परत मांड. या कामात मला बिनचूकपणा हवा आहे आणि तो तुझ्याकडून होईल, म्हणून परत देतोय.' (फोरसाइट म्हणजे इन्स्ट्रुमेंट हलवण्याआधीचं शेवटचं रीडिंग.) नेमकी चूक, वरची अपेक्षा आणि ती पुरी होईल हा विश्वास, तिन्ही एकत्र. जॉफ्री कोहेन, क्लॉड स्टील आणि ली रॉस यांनी 1999मध्ये दाखवलं की ज्यांना पूर्वग्रहाची शंका असते अशा विद्यार्थ्यांना या प्रकारची टीका नुसत्या टीकेपेक्षा आणि नुसत्या कौतुकापेक्षाही जास्त कामाला लावते. कारण सरळ आहे: कणव करणारा माणूस काम परत करत नाही.

ऑफिसचं काम सगळ्यात सोपं निघालं. स्कॉलरशिपची सूचना अर्ज क्रमांकासह ज्याच्या त्याच्या मोबाइलवर जाऊ लागली, वर्गात जाऊन बोलावणं बंद झालं. परीक्षा समितीने होळीच्या आठवड्यात अंतर्गत चाचणी न लावण्याचं ठरवलं आणि सण, आजारपण किंवा घरची अडचण, कशासाठीही एक फेरचाचणी ठेवली.

नियम काय सांगतो

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2012च्या समता नियमावलीत वर्गात विद्यार्थ्याची जात-जमात जाहीर करणं, 'राखीव प्रवर्गातला' असा शिक्का मारणं आणि कमी गुणांचं कारण म्हणून त्याच्या सामाजिक पार्श्वभूमीकडे बोट दाखवणं, हे भेदभाव म्हणून स्पष्ट लिहिलेलं आहे. समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमणं त्यात बंधनकारक केलं. म्हणजे लिपिकांचं ते वाक्य केवळ असभ्य नव्हतं, नियमाविरुद्धही होतं. स्टाफ हातात देणं मात्र कोणत्याही कलमात बसत नाही, आणि बसवायचा आटापिटा करू नये.

तक्रारीची वाट आणि पद्धत सुधारायची वाट वेगळ्या ठेवाव्या. मुलीने तक्रार करायची ठरवली तर तिला थांबवायचं नाही, 'मिटवून टाक' म्हणायचं नाही. तिने नाही ठरवलं, तरी पद्धत सुधारायचं काम थांबत नाही. दोन्हींसाठी नोंद एकच लागते: तारीख, जागा, बोललं गेलेलं वाक्य जसंच्या तसं, हजर कोण होतं, पुढे काय झालं. 'अपमानास्पद वागणूक' असं मोघम लिहिलेलं कशाच्याच उपयोगी पडत नाही.

भिल्ल तडवी समाजातल्या, मुंबईत पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी यांनी 22 मे 2019 रोजी आत्महत्या केली. त्यांच्या आई अबेदा तडवी आणि हैदराबाद विद्यापीठात आत्महत्या केलेल्या संशोधक विद्यार्थी रोहित वेमुलाच्या आई राधिका वेमुला यांना उच्च शिक्षणातल्या जातिभेदाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. समित्या अशा वेळी कागदावर तयार होतात. एखादं मूल तीन आठवडे प्रॅक्टिकलला दिसत नाही, हे त्या कागदावर कुठेच येत नाही. ते जीएफएमच्या वहीतच दिसू शकतं.

कुठवर आलं

सगळं सुधारलं असं झालं नाही. चौथ्या सत्रात सर्व्हेच्या दुसऱ्या भागाच्या प्रॅक्टिकलला ती दहापैकी नऊ वेळा आली, ओरलला 25 पैकी 17. एका दुसऱ्या विषयाचा बॅकलॉग राहिला आणि तिसऱ्या वर्षात जाताना तो सोबत गेला. साइट व्हिजिटला तिने नाव दिलं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये ती अजून लिहीत नाही. 'पर्सेंटाइल किती' विचारणारे आहेतच. ज्या प्राध्यापकांनी 'आदिवासी वाटत नाहीस' म्हटलं होतं त्यांना ते वाक्य का लागलं हे समजावून सांगितलं, तेव्हा ते दुखावले. अजून जरा अंतर राखून आहेत. अशा वेळी मुलीवर राग निघणार नाही याकडे विभागप्रमुखांनी लक्ष द्यावं लागतं, आणि ते निदान एक सत्रभर.

एप्रिलमधल्या एका प्रॅक्टिकलला एका ग्रुपचं क्लोजिंग (सुरुवातीच्या बिंदूवर परत येऊन हिशेब जुळवणं) काही केल्या जुळेना, प्रत्येक फेरीला फरक वेगळा. सर इन्स्ट्रुमेंट तपासत होते. ती दुसऱ्या ग्रुपच्या फील्ड बुकवर होती. तिथून म्हणाली, "सर, स्टाफ कललेला आहे. कललेल्या स्टाफवर रीडिंग जास्त येतं. हळूहळू पुढे-मागे झुलवायला सांगा, सगळ्यात कमी येईल ते खरं." दहा तास हातात धरून तिने हे शिकून ठेवलं होतं. सरांनी स्टाफ झुलवायला सांगितलं, रीडिंग 12 मिलिमीटरने उतरलं, आणि त्या ग्रुपमधल्या मुलाने तिला विचारलं, "हे तू आमच्या जर्नलमध्ये आकृती काढून दाखवशील का?"